ह्यांच्या गोळ्या

१८ जून १९७४

ह्यांच्या ट्रंकेत धुतलेले सदरे ठेवत होते. तळाशी डी.एड.च्या सर्टिफिकिटाखाली कागदाची पुडी हाताला लागली. आत पांढऱ्या बारीक गोळ्या. मोजल्या, एकवीस. मोजायला नको होत्या. पुडीची घडी पुन्हा पहिल्यासारखी घातली, पण ती तशी जमली नाही असं दिवसभर वाटत राहिलं.

कोणाला विचारावं कळेना, म्हणून ही वही केली. शाळेच्या जुन्या हजेरीपटाची मागची पानं कोरी होती, ती शिवली. हे म्हणाले होते, घे, रद्दीच आहे. तरी कागद सरकारी आहे हे इथे लिहून ठेवते.

आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिली. बाबांचा अंगठा, मायचा अंगठा. माहेरी पालमला असते तर ही वही उशाशी ठेवून झोपले असते, कोण वाचणार! इथे हे शिक्षक. वही ज्वारीच्या कणगीमागे राहील. ह्यांचं नाव मात्र मी वहीत घालणार नाही. तोंडाने घेत नाही, मग लिहिणं म्हणजे घेणंच झालं.

२ जुलै

विचारलं एकदाचं. हे जेवत होते.

"तुमच्या ट्रंकेत गोळ्या हायत, त्या कशाच्या?"

घास तोंडात तसाच राहिला. मग म्हणाले, "उष्णतेच्या. रक्त तापतंय माझं. परभणीचे डॉक्टर देतात. माझ्या मायला सांगू नको, ती गावभर करंल."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दोन वर्षं झाली लग्नाला आणि घरात पाळणा नाही. सासूबाई रोज काही ना काही बोलतात. मी म्हणाले, "तुमी घेता त्या गोळ्या… मला लागत असतील का? म्हणजे आपल्या… त्यामुळं तर लेकरू ऱ्हात नसंल?"

हे मोठ्यानं हसले. असं मोकळं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं आहे. "येडी हाईस का सगुणा? गोळी मी गिळतो, पोट माझं. तुला कशी लागंल? मॅट्रिक झालीस की तू!"

लाज वाटली. आरोग्याच्या पुस्तकात असं काही शिकवलं नव्हतं हेही खरं. पण हसताना त्यांनी भाकरी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

९ जुलै

शेजारच्या तानुबाईंकडून चहाला शेळीचं दूध आणलं. कडू लागलं. सासूबाई थुंकल्या.

तानुबाई म्हणाल्या, "काल लिंबाचा पाला खाल्ला रांडेनं. खाल्लेलं कुठं जातंय, अंगातच उतरतंय की."

सासूबाईंनी लगेच माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरात तर खाल्लेलं कुठंच उतरना गेलंय."

तानुबाई हसल्या. मीही हसले, नाही तर काय करणार. पण दिवसभर शेळीचाच विचार. पाला तिने खाल्ला, कडू मला लागलं. मग हे म्हणाले ते कसं बरोबर?

रात्री ह्यांना शेळीचं बोलून दाखवलं, म्हणजे ह्यांच्यावर अविश्वास दाखवला, हे चूक झालं. हेही लिहून ठेवते.

२४ जुलै

ह्यांचा स्वभाव फार सोशिक आहे. आज पितळी पेल्यात उकळता चहा दिला, चुलीवरून तसाच उतरवलेला. मला पदराने धरावा लागला होता. ह्यांनी सरळ मुठीत घेतला आणि बोलत बसले. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "मास्तर झाला तवापून चटकाबी लागत न्हाई याला."

भुवया विरळ झाल्या आहेत. मी म्हणाले तेल लावत जा. कान मात्र भरले आहेत, पाळ्या जाड दिसतात. सासूबाई म्हणतात, नशीबवानाचे कान.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन झालं. सगळी पोरं एका रांजणातून पाणी प्यायली.

हे इथे आले तेव्हा रांजण दोन होते. एक दाराशी, एक मागे बोरीखाली, आपल्या पोरांसाठी वेगळा. ह्यांनी पहिल्याच महिन्यात मागचा फोडला. चार शेतकऱ्यांनी पोरं काढून घेतली. हे रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन उभे राहायचे, एका शब्दानेही भांडायचे नाहीत. दिवाळीनंतर पोरं परत आली. येलदरीपर्यंत सगळे ह्यांना गुरुजी म्हणतात. मला ह्या माणसाचा अभिमान आहे. तो कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथे.

दुपारी ओट्यावर तांदूळ निवडत होते. उजव्या हातावर मुंगी चढली. मनगटापासून वर चालत गेली आणि एका जागी कळेनाशी झाली. पुढे गेल्यावर पुन्हा कळली. बघितलं, तर तिथे रुपयाएवढा फिकट डाग. केव्हाचा आहे माहीत नाही.

२६ ऑगस्ट

सुई टोचून पाहिली. डागाच्या बाहेर दुखतं, आत दुखत नाही. तीनदा पाहिलं.

मला आता खात्री वाटते, ह्यांचं औषध मला लागलंच. ह्यांच्या गोळ्या रक्त थंड करतात. ह्यांचं रक्त तापट, त्यांना ते मानवतं. माझं मुळातच थंड, म्हणून जागा गार पडली. असंच असणार. ह्यांना सांगावं तर म्हणतील पुन्हा तेच. आणि गोळ्या बंद केल्या तर ह्यांचा आजार वाढेल. डाग काय, बाहीखाली झाकतो.

१४ सप्टेंबर

आज दाखवला. शनिवार, सकाळची शाळा सुटली होती, सासूबाई येलदरीच्या बाजाराला गेल्या होत्या.

मी म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हते? तुमच्या गोळ्यांनी हे असं झालं."

ह्यांनी हात धरून उजेडात नेला. बराच वेळ बघत राहिले. मग दार लावलं, कडी घातली आणि कडीला पाठ टेकून खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. पाणी द्यायला गेले तर हात झटकला.

मग सांगितलं. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, मीच उच्चारला. महारोग. चार वर्षं झाली म्हणे. आमच्या लग्नाच्या आधीपासून. परभणीला पहिल्या शनिवारी जिल्हा परिषदेच्या कामाला म्हणून जातात ते ह्याच दवाखान्यात.

मी रडले नाही. मला एवढंच सुचलं, की मग माझ्या हातावर आहे ते औषध नाही.

मी म्हणाले, "मलाबी न्या परभणीला."

"नेतो अन् मग? एसटीत इथलं कुणी ना कुणी असतंच. गुरुजीची बायको त्या दवाखान्यात काहून गेली? चार दिवसांत गावाला कळंल. सगुणा, एका रांजणासाठी मी काय काय केलं तू बघितलंस. उद्या हे कळालं तर ती माणसं रांजण न्हाई, शाळा फोडतील. आन् आपल्या पोरांना पुन्हा कुणी आत घेणार न्हाई. म्हणतील, बघा, म्हणून आमी दूर ठेवत होतो."

ह्यात खोटं काही नव्हतं. 

मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुला वेगळं औषध लागायचंच न्हाई. तानुबाईच्या शेळीचं म्हणाली होतीस ना? खरं हाय ते. माझ्या अंगातलं तुझ्या अंगात येतंयच की. मी आता एक दिवस चुकवणार न्हाई. मी घेतलं म्हणजे तू घेतलं."

"पण तुमी तर म्हणाला होता…"

"तवा तुला काय सांगणार होतो मी?"

तेही बरोबर. तेव्हा रोग लपवायचा होता म्हणून औषधाचंही खोटं सांगावं लागलं. आता लपवायचं काही राहिलं नाही, म्हणजे आताचं खरं असणार. मी हे दोन-तीन वेळा मनात मांडून पाहिलं. जुळतं.

शेवटी म्हणाले, "कुठं माझं नाव घेऊ नको. शपथ हाय."

मी म्हणाले, "तुमचं नाव मी तसंबी कुठं घेते?"

आम्ही दोघंही हसलो. मग ते रडले.

२ ऑक्टोबर

ज्या दिवशी औषध मिळालं त्या तारखेपुढे कोपऱ्यात एक टिंब करते. दवाखान्यात कार्डावर खूण करतात म्हणे, तसं. सप्टेंबरमध्ये नऊ टिंबं झाली.

कधी कधी नको वाटतं, दिवसभराच्या कामाने अंग मोडून आलेलं असतं. पण औषध कडू लागलं म्हणून कोणी टाळतं का? ह्यांनाही नको असतं कधी कधी, हे मला कळतं. तरी ते येतात. दोघंही एकमेकांशी बोलत नाही. पूर्वी बोलायचो.

२७ ऑक्टोबर

डागाचं माप दोऱ्याने घेतलं आणि दोऱ्याला गाठ मारली. महिन्याने पुन्हा बघेन.

टिंबं अकरा.

२९ नोव्हेंबर

दोरा अपुरा पडला. गाठीच्या पुढे बोटभर. ह्यांना दाखवला तर म्हणाले, "औषध आधी रोग वर काढतंय, मग बसवतंय." पहिल्यांदा त्यांचंही असंच झालं होतं म्हणाले. दोरा चुलीत टाकून दिला त्यांनी.

टाक चांगला मिळत नाही. अक्षर वाकडं येतं आहे. शाळेतल्या बाई म्हणायच्या, सगुणाचं अक्षर म्हणजे छापलेलं. आज त्यांनी पाहिलं असतं तर हातावर पट्टी मारली असती.

२० डिसेंबर

दोन महिने झाले, पाळी नाही.

सासूबाईंना आज सांगितलं. त्यांनी माझी दृष्ट काढली आणि तानुबाईंच्या दारात जाऊन मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "उतरलं हो, खाल्लेलं उतरलं!"

हे शाळेतून आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आनंद झाला. मग लगेच दुसरं काही तरी झालं. कशाचा तरी हिशोब केल्यासारखे माझ्या हाताकडे बघत राहिले.

१९ जानेवारी १९७५

सासूबाईंनी माझं अंथरूण स्वतःजवळ घातलं. "पहिलटकरीण हाय. आता मास्तरानं लांबच निजायचं." ह्यांनी मान डोलावली. मी काय बोलणार होते, की आत्याबाई, माझं औषध बंद व्हायलंय?

विहिरीच्या वाटेवर ह्यांना गाठून विचारलं. "मग आता माझं काय?"

"चार महिन्याचं साठलं असंल की अंगात. पुरतंय तेवढं."

"आन् लेकराला?"

"त्यालाबी त्यातलंच."

मला लगेच पटलं नाही. ज्वारी कणगीत साठते, औषध कुठे साठतं? पण ते शाळेला निघाले होते, आणि वाटेवर तानुबाई येत होत्या.

जानेवारीत टिंबं चार. ह्यापुढे नाहीत.

२३ फेब्रुवारी

अंघोळीला ओंजळीत पाणी घेतलं, ते राहिलं नाही. बघितलं तर उजवी करंगळी बाकीच्या बोटांना चिकटत नाही, लांबच राहते. डाव्या हाताने दाबून बसवली. सोडली की पुन्हा लांब. कोपर भिंतीला नुसतं लागलं तरी करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात.

गरोदरपणात बायकांच्या अंगाला सूज येते, त्याने असेल.

ह्यांना म्हणाले, तुमच्यातल्या थोड्या गोळ्या मला द्या, मी पोटातच घेते. ते म्हणाले, मोजून मिळतात, कमी पडल्या तर विचारतील. आणि लेकराला काही झालं म्हणजे?  मोजून मिळतात हे मलाही माहीत आहे. पण आज ट्रंक आवरताना बघितलं, पुडीत सव्वीस होत्या. आज तेवीस तारीख. पहिल्या शनिवारी आणलेल्या इतक्या उरतील कशा?

कदाचित मीच चुकीच्या मोजल्या. पुन्हा मोजायला धीर झाला नाही.

४ मे, पालम

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाबा न्यायला आले. सातवा संपत आला. परभणीला गाडी बदलताना तासभर थांबावं लागलं. बाबा चहा प्यायला गेले. मी फाटकातून बाहेर बघत होते. इथेच कुठे तरी तो दवाखाना. हे मला स्टँडवर पोचवायला येणार होते, पण आले नाहीत. सुट्टीतही त्यांना कामं असतात.

मायने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिने माझा चेहरा धरला, पोटाकडे बघितलं, पायाकडे बघितलं. हाताकडे नाही बघितलं. बाही लांब होती.

१३ मे

भाकऱ्या करत होते. माय दळण घेऊन आली आणि दारातच थांबली.

"काय जळायलंय ग?"

मी म्हणाले, "काही न्हाई, भाकरी तर नीट हाय."

"मासाचा वास यायलाय सगुणा."

मी खाली बघितलं. माझा हात तव्याच्या काठाला टेकलेला होता. करंगळी आणि तिच्या खालची बाजू. मी तिकडे बघत होते आणि मला काहीच होत नव्हतं. मायने किंचाळून हात ओढला.

मग तिने बाही वर केली.

माय लिहायला-वाचायला शिकली नाही, पण तिला बघायला शिकवावं लागत नाही. तिचा चुलता असाच गेला होता, गावाबाहेर झोपडीत. ती खाली बसली. म्हणाली, "कवापून?"

"ऑगस्टपासून."

"आन् जावईबापूनं बघितलं?"

मी पोटावर हात ठेवून म्हणाले, "मला औषध चालू हाय." मग ते कसं चालू आहे हेही सांगितलं. आईला असं सांगताना जीव गेला तर बरं असं वाटत होतं, पण खोटं बोलले नाही.

 जळालेल्या जागेवर मायने फुंकर घातली, पुन्हा घातली. मला ती लागत नव्हती हे तिला माहीत होतं, तरी घालत राहिली.

१७ मे

मायने कानातला कापसाचा बोळा काढावा तितक्या सहज बाबांना सांगितलं, "पोरीला परभणीला दाखवायचंय, बाळंतपणाचं." बाबा शेतावर गेले, आम्ही दोघी सकाळच्या एसटीने.

दवाखाना म्हणजे पत्र्याची दोन खोल्यांची इमारत, मागे कडुलिंब. बाहेर बाकावर माणसं होती. कोणाला बोटं नव्हती, पण कोणी चांगल्या घड्या घातलेलं धोतर नेसलेला, कोणी सायकल घेऊन आलेला. मला वाटलं होतं सगळे भिकारी असतील.

तपासणारे रंगनाथराव म्हणून होते, चाळिशीचे, तोंडात सुपारी. मायला बाहेर बसवलं. मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, पिसाने हातावर स्पर्श करतो, जिथे लागेल तिथे बोट ठेवा. मी बोट ठेवत गेले. थोड्या वेळाने ते थांबले.

"ताई, मी मघापासून शिवलोच न्हाई. तुमी कशाला बोट ठेवायलात?"

मी डोळे उघडले. अंदाजाने ठेवत होते. उत्तर बरोबर यावं म्हणून.

"ही परीक्षा न्हाई. न्हाई कळालं तर न्हाई म्हणा. न्हाई म्हणायला शिका आधी."

त्यांनी कोपराच्या मागे दाबलं. मी ओरडले. म्हणाले, शीर सुतळीसारखी जाड झाली आहे. करंगळी आता पूर्वीसारखी व्हायची नाही, पण बाकीचा हात राखता येईल, गोळ्या आजपासून. गरोदर असलात तरी घ्यायच्या. लेकरू हा रोग घेऊन जन्मत नसतं.

"आठ महिन्याआधी आला असता तर करंगळीबी राखली असती. कुठं होता?"

तेव्हा मी विचारलं. खाली बघून विचारलं. नवरा गोळ्या घेत असेल तर संबंधातून बायकोला औषध पोचतं का?

ते हसतील असं वाटलं होतं. नाही हसले. बाहेर जाऊन सुपारी थुंकून आले.

"कोण म्हणालं हे?"

मी पदर सारखा केला.

"ताई, गोळी ज्याच्या पोटात जाते त्याच्याच कामाची. असं पोचत असतं तर मी जोडप्याला एकच पुडी दिली नसती का? सरकार खूश झालं असतं माझ्यावर. आन् समजा कणभर आलंच, तर तेवढ्यानं मुंगीचाबी रोग जायचा न्हाई."

"मग रोग तरी तसाच आला का?"

"तसा न्हाई. औषध न घेणाऱ्या माणसासंगं एका घरात, एका हवेत राहून येतो. तोबी शंभरात एखाद्याला. जो नेमानं गोळ्या घेतो त्याची कशाची भीती!" मग कार्ड पुढे ओढलं. "नाव?"

सांगितलं.

"पतीचं नाव?"

मी पदर तोंडाशी धरला. त्यांना सवय असावी. म्हणाले, "आईला बोलावू का आत? त्या सांगतील."

मायला बोलावलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मी सांगितलं नाही असं मला म्हणता आलं असतं. शपथ मोडली नसती. रांजण मला दिसत होता. पोरं रांगेने पाणी पिताना दिसत होती. आणि कार्डावर टेकलेला माझा हात दिसत होता, करंगळी एकटी बाजूला पडलेली.

मी म्हणाले, "मला लिहिता येतं."

त्यांनी पेन दिलं. लिहिलं. सूर्यभान. आडनावासकट, गावासकट. अक्षर इतकं वाईट माझं कधी आलं नव्हतं.

त्यांनी वाचलं. मग कपाट उघडून एक जुनं कार्ड काढलं. दाखवायला नको, असं म्हणाले, आणि तरी दाखवलं. वर फोटो नव्हता, पण सही मी ओळखते. खाली रकाना होता, कुटुंबातील व्यक्ती. त्यात एकाहत्तरला लिहिलेलं, अविवाहित, आई. बहात्तरला, अविवाहित. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, दर जानेवारीला नव्या शाईने तेच. ह्या जानेवारीतही. मी तीन महिन्यांची गरोदर होते तेव्हा.

"बायको हाय म्हणाले असते तर आमी महिन्याभरात तुमच्या घरी आलो असतो तपासायला. सरकारी जीप न नेता, सायकलवर. कुणाला कळू देत न्हाई आमी." मग बोट खाली सरकवलं. "आन् हे बघा. बहात्तर-त्र्याहत्तरला सात महिने गायब. औंदा मार्चपून आलेच न्हाईत."

म्हणजे पोचत असतं तरी काय पोचणार होतं?

परतीच्या गाडीत पहिली गोळी घेतली, मायच्या तांब्यातल्या पाण्याने. पांढरी, बारीक. ट्रंकेतल्यासारखीच.

८ जून

आज सूर्यभान आले. नाव लिहिते आहे. एकदा लिहून झालं, आता पुन्हा न लिहिण्याला अर्थ नाही.

रंगनाथराव खरंच सायकलवर गेले होते म्हणे, शाळेला सुट्टी असताना. सासूबाईंना तपासलं, त्या बऱ्या आहेत. गावात कोणाला कळलं नाही, अजून.

सूर्यभान आत आले नाहीत, बाहेर लिंबाखाली बाजेवर बसले. मायने पाणी नेऊन ठेवलं आणि न बोलता वळली. ते महिन्याभरात वाळले आहेत.

"माझं नाव दिलंस."

"हो."

"खोडता येईल का ते?"

"शाईनं लिहिलंय."

त्यांनी पाणी तसंच बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "शाळा उघडायलीय सोळाला. कुणी बोललं तर…"

मी आत जाऊन ही वही आणली. दोन जुलैचं पान वाचून दाखवलं. गोळी मी गिळतो, पोट माझं. मग चौदा सप्टेंबरचं. मग टिंबं दाखवली, एकेका महिन्याची. ते वहीकडे बघत नव्हते.

मी विचारलं, "तुमाला ठाऊक होतं ना, पोचत नसतं ते?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "पहिल्यांदा ठाऊक होतं. मग तुला रोज सांगून सांगून… मला वाटायला लागलं, पोचत असंल. मला तसं वाटायला पाहिजे होतं, सगुणा."

हे खरं असेल का? मी त्यांचं दोन्ही वेळा मानलं, तिसऱ्या वेळी मला ठरवता आलं नाही. इतकं मात्र म्हणाले की शनिवारी परभणीला जा, पुडी आणा, आणि रकान्यात माझं नाव घाला. नाही गेलात तर बाळ घेऊन मी येणार नाही. त्यांनी मान हलवली. जातील की नाही माहीत नाही.

उठताना म्हणाले, "हात बघू."

मी पुढे केला. पट्टी सुटली आहे, जळालेली जागा काळी पडली आहे. त्यांनी करंगळी दोन बोटांत धरली. धरली आहे, हे मला दिसलं म्हणून कळलं. त्यांनाही ते बघूनच कळत असणार. आम्ही दोघं बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिलो.